आर्कमपर्यंतचा रस्ता

१९०८ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात अठरा वर्षांच्या एका मुलानं स्वतःच्या कथा नष्ट केल्या. प्रकृती ढासळून शाळा अर्धवट सुटली होती. घरची सुबत्ता चार वर्षांपूर्वी आजोबांबरोबरच गेली होती. आपल्या लिखाणात काही दम नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. अगदी बालपणीचे काही कागद आईनं जपले म्हणून उरले. पुढच्या कथांपैकी ‘द बीस्ट इन द केव्ह’ आणि ‘द अल्केमिस्ट’ या दोनच त्यानं ठेवल्या. त्यानंतर नऊ वर्षं हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट कथेकडे वळला नाही. मग १९१७च्या जूनमध्ये त्यानं ‘द टूम्ब’ लिहिली, जुलैमध्ये ‘डेगन’, आणि भयकथेच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण सुरू झालं.

पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेतल्या संपादिकेकडे लव्हक्राफ्टच्या सुरुवातीच्या कथांचं मराठी पुस्तक सिद्ध करायचं काम आलं, तेव्हा तिनं वाचनाला त्याच उन्हाळ्यापासून सुरुवात केली. कुठल्या कथा घ्यायच्या, कुठल्या क्रमानं लावायच्या आणि अनुवादकाच्या हातात कोणती मूळ संहिता द्यायची, हे तिनं ठरवायचं होतं. हक्कांची अडचण नव्हती. लव्हक्राफ्ट १५ मार्च १९३७ रोजी वारला. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे त्याच्या हयातीत छापलेल्या कथा केव्हाच खुल्या झाल्या आहेत. अवघड होती ती निवड.

लव्हक्राफ्टचे संग्रह बहुधा ‘द कॉल ऑफ कथुलू’भोवती बांधलेले असतात. ही कथा त्यानं १९२६च्या उन्हाळ्यात लिहिली आणि ती फेब्रुवारी १९२८मध्ये छापून आली. वाचक त्या दरवाजानं आत शिरतो आणि आधीच्या कथांकडे पुढच्या कथांची कच्ची टिपणं म्हणून बघतो. तिला हे पटत नव्हतं. १९१७ ते १९२३ या काळातल्या कथा तिनं एकामागून एक वाचल्या आणि तिच्या लक्षात आलं, की हा माणूस प्रत्येक कथेत भीतीचं एकेक वेगळं तंत्र घासूनपुसून बघतो आहे. एकदा साक्षीदार, एकदा आवाज, एकदा घर, एकदा रक्ताचं नातं. तिला पुस्तकात हीच वाटचाल दिसायला हवी होती.

त्यासाठी लेखनाचा क्रम धरणं भाग होतं, कारण प्रकाशनाचा क्रम दिशाभूल करतो. ‘डेगन’ १९१७ची, पण छापली गेली नोव्हेंबर १९१९मध्ये. ‘द टूम्ब’ तिच्याही आधीची, पण ती आली मार्च १९२२मध्ये. ‘द आउटसायडर’ १९२१ची आणि ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात तिला जागा मिळाली ती एप्रिल १९२६मध्ये. नुसत्या छापील तारखांवर विसंबलं तर लेखकाचा हात कधी तयार झाला, याचा अंदाजच लागत नाही.

ही सालं आणि या कथांचे विश्वासार्ह पाठ आज हाताशी आहेत, याचं मोठं श्रेय पुण्यात जन्मलेल्या एका माणसाकडे जातं. सुनंद त्र्यंबक जोशी, अर्थात एस. टी. जोशी, यांचा जन्म १९५८ साली पुण्यात झाला आणि लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले. प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात ते शिकले. लव्हक्राफ्टची हस्तलिखितं त्याच विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयात आहेत. मासिकांच्या संपादकांनी तोडलेले परिच्छेद, बदललेली विरामचिन्हं, जुळाऱ्यांच्या चुका, हे सगळं हस्तलिखितांशी आणि जुन्या छापील पाठांशी ताडून जोशींनी दुरुस्त केलं. १९८४पासून आर्कम हाउस या प्रकाशन संस्थेनं हे सुधारलेले पाठ काढले, आणि सुरुवातीच्या बऱ्याच कथा असलेला ‘डेगन’ हा खंड १९८६मध्ये आला. जोशींनी लिहिलेलं लव्हक्राफ्टचं चरित्र १९९६चं. पुढे २०१०मध्ये त्याची विस्तारित दोन खंडांची आवृत्ती निघाली. पुण्यात बसून हे काम करताना तिला या योगायोगाचा मनापासून आनंद होता. मूळ पाठ म्हणून तिनं जोशींचाच धरला.

या कथा आधी कुठे छापल्या जात होत्या, हे समजल्याशिवाय त्यांचा आकार कळत नाही. १९१४मध्ये लव्हक्राफ्ट ‘युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ या हौशी पत्रकारांच्या संघटनेत सामील झाला. सभासद आपापली छोटी नियतकालिकं काढत, एकमेकांना पाठवत, एकमेकांच्या लिखाणावर सविस्तर टीका करत. मानधनाचा प्रश्नच नव्हता. मराठीत एके काळी गावोगावी हस्तलिखित मासिकं निघायची. तीच असोशी, फक्त हाताशी छोटं छापयंत्र. स्वतः लव्हक्राफ्टनं ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह’ नावाचं नियतकालिक १९१५ ते १९२३ या काळात चालवलं. जुन्या दोन कथा वाचून त्याला पुन्हा कथा लिही म्हणून सांगणारा डब्ल्यू. पॉल कुक हाही याच वर्तुळातला. ‘डेगन’ आणि ‘द टूम्ब’ या दोन्ही कथा कुकच्याच ‘द व्हेग्रंट’मध्ये आल्या.

शब्दमर्यादा नाही, संपादकाचा धाक नाही, गिऱ्हाईक सांभाळायचं नाही. हौशी अंकांनी लव्हक्राफ्टला प्रयोग करायची मुभा दिली, ती अशी.

पहिल्या दोन कथा तिनं पाठोपाठ वाचल्या आणि समासात एकच खूण दोन्हीकडे केली. ‘द टूम्ब’चा निवेदक वेड्यांच्या इस्पितळातून बोलतो. जंगलातल्या एका जुन्या घराण्याच्या थडग्यात आपण रात्री काढल्या, असं तो सांगतो. घरचे म्हणतात, तू आत कधी गेलाच नाहीस, तिथलं कुलूप पन्नास वर्षांत कुणी हलवलेलं नाही. ‘डेगन’चा निवेदक मॉर्फिनच्या आहारी गेलेला खलाशी आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या तावडीतून सुटून तो होडीत भरकटतो आणि समुद्रतळातून वर आलेल्या काळ्या चिखलाच्या प्रदेशात त्याला एक कोरीव शिळा दिसते. तो हे सगळं लिहितो ते खिडकीतून उडी टाकण्याआधी. दोन्ही निवेदक पहिल्याच परिच्छेदात स्वतःची विश्वासार्हता मोडीत काढतात. वाचकानं त्यांचं ऐकायचं की नाही, हे वाचकावर सोडलेलं असतं, आणि तो ऐकत राहतो. पुढे आयुष्यभर वापरलेलं हे तंत्र लव्हक्राफ्टच्या हाती पहिल्याच उन्हाळ्यात आलेलं दिसतं.

यातली एकच कथा घ्यायची असा पानांचा हिशेब होता. तिनं दोन्ही घेतल्या.

१९१९च्या डिसेंबरमधली ‘द स्टेटमेंट ऑफ रँडॉल्फ कार्टर’ ही तर जवळपास जशीच्या तशी स्वप्नातून आलेली. सॅम्युअल लव्हमन या कवीमित्राबरोबर आपण रात्री एका जुन्या स्मशानात गेलो आहोत, असं स्वप्न लव्हक्राफ्टला पडलं. मित्राला पत्रातून ते कळवलं, आणि थोडे बदल करून त्याचीच कथा केली. हार्ली वॉरन थडग्याखालच्या भुयारात उतरतो. कार्टर वर थांबतो. दोघांमध्ये टेलिफोनची तार आहे, आणि वाचकाला भुयारातलं जे काही कळतं ते त्या तारेतूनच.

या कथेचा अनुवादाचा पहिला खर्डा आला तेव्हा कार्यालयात मुद्रितशोधनाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तो मोठ्यानं वाचायचं ठरलं. ती वाचत होती, आणि अनेक वर्षं प्रुफं तपासत आलेले काका मूळ इंग्रजी समोर धरून ऐकत होते. निम्म्यावर त्यांनी हात वर केला.

“अगं, तो खाली गेलेला माणूस काय बघतोय ते सांगतच नाहीये.”

“सांगणारही नाही, काका.”

“मग असू दे. पुढे वाच.”

त्यानंतर एकही खाडाखोड न करता ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. वॉरनचा आवाज आधी चकित, मग घाबरलेला, मग मित्राला पळून जा म्हणून विनवणारा. तो काय पाहतो आहे याचं वर्णन एका ओळीतही नाही. ‘डेगन’मध्ये शेवटी तो प्रचंड जलचर समोर येऊन शिळेला मिठी मारतो, ते चित्र रेखीव आहे, पण त्यातली भीती पाहून संपते. कार्टरच्या कथेत पाहायला काही उरतच नाही. अडीच वर्षांत लेखकानं काय गाळायचं ते शिकून घेतलं होतं, आणि ते दोन कथा शेजारी ठेवल्याशिवाय तिलाही इतकं स्वच्छ दिसलं नसतं.

लॉर्ड डन्सेनीच्या प्रभावाचा टप्पा तिनं थोडक्यात आवरला. ऑक्टोबर १९१९मध्ये लव्हक्राफ्टनं बॉस्टनला डन्सेनीचं व्याख्यान ऐकलं आणि काही काळ तो स्वप्नभूमीतल्या शहरांच्या, देवांच्या, संगमरवरी मनोऱ्यांच्या कथा लिहीत राहिला. गंमत अशी, की त्याच धाटणीची ‘पोलॅरिस’ त्यानं डन्सेनी वाचण्याआधीच, १९१८मध्ये लिहिली होती. या गटातून तिनं १९२०ची ‘द कॅट्स ऑफ उल्थार’ निवडली. उल्थार गावातलं एक म्हातारं जोडपं मांजरं मारतं. भटक्यांच्या तांड्याबरोबर आलेल्या एका अनाथ पोराचं मांजराचं पिल्लू हरवतं. तो सूर्याकडे बघून प्रार्थना करतो आणि तांडा निघून जातो. त्या रात्री गावातली सगळी मांजरं नाहीशी होतात. ती परततात तेव्हा चांगली गुबगुबीत झालेली असतात, आणि म्हाताऱ्यांच्या घरात दिवा लागत नाही. एखाद्या आजीनं सांगावी तशी ही कथा आहे, आवाज कुठेही न चढवता सांगितलेली. लव्हक्राफ्टला फक्त विशेषणांचा लेखक मानणाऱ्यांना ती दाखवावी, असं तिचं ठाम मत होतं.

निवडीचा कणा मात्र १९२०च्या डिसेंबरमधल्या ‘द पिक्चर इन द हाउस’मध्ये आहे. पावसात सापडलेला एक सायकलस्वार न्यू इंग्लंडमधल्या आडरस्त्यावरच्या एका जुनाट घराचा आसरा घेतो. आत एक दांडगा, तांबूस चेहऱ्याचा म्हातारा असतो. त्याच्याकडे पिगाफेट्टाचं काँगोविषयीचं सोळाव्या शतकातलं पुस्तक आहे, आणि ते सारखं एकाच पानावर उघडतं: नरभक्षकांच्या खाटीकखान्याचं चित्र. म्हाताऱ्याला ते चित्र फार आवडतं. आवडीनं तो सांगत जातो, की ते बघून मेंढरं कापायला जास्त मजा यायला लागली. तेवढ्यात त्या उघड्या पानावर वरून एक लाल थेंब पडतो.

या कथेत भीती बाहेरून येत नाही. ना प्राचीन देव, ना समुद्रातली शिळा. एकटेपणात पिढ्यान् पिढ्या कुजत गेलेलं एक लाकडी घर, एक पुस्तक आणि एक आवड. लव्हक्राफ्ट स्वतः न्यू इंग्लंडचा. या मातीचा इतिहास, तिथले कर्मठ प्युरिटन, ओसाड पडलेल्या वाड्या, हे त्याला तोंडपाठ होतं, पण कथेसाठी तो इतके दिवस दूरदूर हिंडत होता. इथे तो घरी आला. आर्कम हे गाव आणि मिस्कॅटोनिक खोरं यांचा पहिला उल्लेख याच कथेत आहे; पुढच्या कितीतरी कथांचा नकाशा त्याभोवती उभा राहिला. लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वाँड्रे यांनी १९३९मध्ये त्याची पुस्तकं काढायला प्रकाशन संस्था सुरू केली, तिचं नावही याच गावावरून ठेवलं. विशेष म्हणजे लव्हक्राफ्टनं पिगाफेट्टाचं ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. टॉमस हक्स्लीच्या वानरांवरच्या निबंधात त्यातली चित्रं आणि मजकूर आला आहे, तेवढ्यावर त्यानं ते उभं केलं. संदर्भाची एवढीशी पुंजी आणि तिच्यातून घडवलेली एवढी खरी वाटणारी वस्तू! तिनं हा तपशील प्रस्तावनेसाठी राखून ठेवला.

१९२१ हे वर्ष या कथांमध्ये दाट आहे. जानेवारीत ‘द नेमलेस सिटी’, ज्यात अब्दुल अलहजरेद हा वेडा अरब कवी पहिल्यांदा भेटतो. त्याच्या नावावर खपवलेला ‘नेक्रोनॉमिकॉन’ हा काल्पनिक ग्रंथ मात्र पुढच्या वर्षीच्या ‘द हाउंड’मध्ये येतो. मे महिन्यात लव्हक्राफ्टची आई वारली. १९१९पासून ती बटलर हॉस्पिटलमध्ये होती, आणि वडील तिथेच १८९८मध्ये वारले होते. याच वर्षीची ‘द आउटसायडर’ आणि वर्षअखेरची ‘द म्यूझिक ऑफ एरिक झान’.

झानच्या कथेजवळ ती सर्वांत जास्त रेंगाळली. एका परक्या शहरातल्या चढणीच्या गल्लीत एक विद्यार्थी राहतो. वरच्या माळ्यावर एक मुका जर्मन वादक रात्री तंतुवाद्यावर असं काही वाजवतो, की ते संगीत या जगातलं वाटत नाही. खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला पडदा आहे, आणि तिच्यातून शहराचे दिवे दिसायला हवेत. शेवटी तो विद्यार्थी तिच्यातून बघतो तेव्हा दिवेही नसतात आणि शहरही. झान सगळी हकिगत कागदावर लिहून देत असतो. ते कागद वारा खिडकीतून ओढून नेतो. खुलासा लेखकानं लिहवून घेतला आणि वाचकाच्या हाती पडण्याआधी उडवून दिला. गल्ली पुन्हा सापडत नाही. लव्हक्राफ्ट स्वतः या कथेला आपल्या उत्तम कथांमध्ये गणत असे, आणि त्याचं कारण वाचताना जाणवतं. कार्टरच्या तारेत जी युक्ती होती ती इथे कथेची मूळ रचनाच होऊन बसली आहे. पुस्तकातल्या बाकी कथांना तिनं तळटीपा दिल्या, या कथेला एकही दिली नाही.

‘हर्बर्ट वेस्ट’ ही कथामालिका तिनं घेतली नाही, पण वाचली बारकाईनं. ‘होम ब्रू’ या मासिकासाठी लव्हक्राफ्टनं १९२१–२२मध्ये तिचे सहा भाग लिहिले, दर भागाला पाच डॉलर. कथेसाठी मिळालेले हे त्याचे पहिले पैसे. प्रत्येक भागात मागची कथा पुन्हा सांगायची आणि प्रत्येक भाग धक्क्यावर संपवायचा, या अटींनी तो वैतागला होता, आणि पत्रांतून त्यानं हा वैताग बोलून दाखवला. प्रेतं जिवंत करणारा डॉक्टर लोकांना आवडला, आजही आवडतो. पण ओळीनं वाचणाऱ्याला या मालिकेत हात नवीन काही शिकताना दिसत नाही.

आता त्या गोष्टीविषयी, जिच्याशिवाय हे पुस्तक प्रामाणिक झालं नसतं. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता. तो द्वेष पत्रांपुरता राहिलेला नाही, तो कथांमध्ये उतरला आहे. ‘हर्बर्ट वेस्ट’मधल्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याचं वर्णन किळसवाणं आहे. ‘द स्ट्रीट’ ही तर स्थलांतरितांविरुद्धची प्रचारकथाच. १९२०च्या ‘आर्थर जर्मिन’मध्ये एका इंग्रज सरदाराला आपल्या वंशात काँगोतल्या वानरमादीचं रक्त असल्याचं कळतं आणि तो स्वतःला जाळून घेतो; रक्तात ‘भेसळ’ होण्याची लेखकाची स्वतःची धास्ती हेच त्या कथेचं इंजिन आहे. २०१५मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याचं स्मृतिचिन्ह बदलायचा निर्णय झाला तो याच कारणानं. त्याला विरोध म्हणून जोशींनी आपले पुरस्कार परत केले.

तिनं ‘द स्ट्रीट’ वगळली, कारण कथा म्हणूनही ती उभी राहत नाही. ‘आर्थर जर्मिन’ ठेवली, एक वाक्यही सौम्य न करता, आणि आधी दोन पानांची नोंद घातली. रंगावरून आणि जातीवरून माणसाची पायरी ठरवणं हे आपल्या वाचकाला परकं नाही. या कथेतली भीती कुठून येते हे त्याच्यापासून लपवलं, तर लेखकाविषयी आपण खोटं सांगू, असं तिचं म्हणणं होतं. संस्थेत यावर वाद झाला. ती मागे हटली नाही.

हे सगळं मराठीत आणायचं कशासाठी, हा प्रश्नही निघाला. उत्तर तिच्याकडे होतं. लव्हक्राफ्टचं नाव न ऐकलेला मराठी वाचकही त्याच्या सावलीतून गेलेला आहे. नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेचा आधार २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटाला आहे. ती कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’शी नातं सांगते, आणि ‘ग्रॅमा’मध्ये हस्तूर हे नाव येतं. हस्तूर मूळचा अँब्रोज बीअर्सच्या कथेतला मेंढपाळांचा देव. १९३०मध्ये लव्हक्राफ्टनं त्याला आपल्या जगात ओढून घेतलं. ‘तुंबाड’मधल्या हस्तर या पात्राची वाट अशी न्यू इंग्लंडवरून येते.

पुस्तकाची शेवटची कथा कोणती, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती: ‘द रॅट्स इन द वॉल्स’, १९२३च्या उन्हाळ्याअखेरीस लिहिलेली. आपल्या पूर्वजांची इंग्लंडमधली गढी विकत घेऊन तिथे राहायला गेलेला एक अमेरिकन. भिंतींमधून उंदरांचा आवाज, जो तो आणि त्याची मांजरं यांनाच ऐकू येतो. तळघराखाली गुहा, आणि तिथे शतकानुशतकं चाललेल्या घराण्याच्या भयंकर आहाराची हाडं. कथा संपते तेव्हा निवेदक वेड्यांच्या कोठडीत असतो आणि ते उंदरांचं काम होतं, माझं नाही, असं सांगत असतो. ‘द टूम्ब’चा अविश्वसनीय साक्षीदार, ‘उल्थार’ची सगळं आधी कळणारी मांजरं, ‘पिक्चर’मधलं घर आणि ती आवड, ‘जर्मिन’मधलं वंशाचं रहस्य, सहा वर्षांत सुटंसुटं पारखलेलं सगळं सामान इथे एका गढीत एकत्र येतं. यातल्या एका मांजराचं नाव मात्र वर्णद्वेषी शिवी आहे, आणि त्याचीही नोंद तिनं केली.

मार्च १९२३मध्ये सुरू झालेल्या ‘वीअर्ड टेल्स’कडे लव्हक्राफ्टनं पाच कथा पाठवल्या होत्या, त्याही ओळींत अंतर न सोडता टंकलेल्या. सोबत पत्र: छापायचं तर शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत जसंच्या तसं. संपादक एडविन बेअर्डनं ते पत्र छापलं आणि ओळी सोडून पुन्हा टंकून पाठवायला सांगितलं. टंकलेखनाचा तिटकारा असूनही लव्हक्राफ्टनं ‘डेगन’ पुन्हा टंकून दिली. ती ऑक्टोबर १९२३मध्ये आली.

पुस्तक जुळवायला देताना तिनं प्रत्येक कथेच्या नावाखाली दोन सालं घातली, लिहिल्याचं आणि पहिल्यांदा छापल्याचं. ‘द टूम्ब’खाली १९१७ आणि १९२२. ‘डेगन’खाली १९१७ आणि १९१९. ‘द आउटसायडर’खाली १९२१ आणि १९२६. ‘द रॅट्स इन द वॉल्स’ आधी दुसऱ्या एका मासिकानं नाकारली होती, आपल्या वाचकांना सोसणार नाही म्हणून. ती ‘वीअर्ड टेल्स’च्या मार्च १९२४च्या अंकात आली. तिच्या दोन सालांमध्ये सहा-सात महिन्यांचंच अंतर आहे. हौशी अंकांच्या छोट्या वर्तुळात लिहिणाऱ्या लव्हक्राफ्टला तोवर पैसे देणारं मासिक मिळालं होतं आणि वाचकही.